मित्र पुन्हा येतोय? आधी कालनिर्णय बघा, मग सिनेमाची तिकिटं

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं. नागपूरचा शाळेतला मित्र ऑगस्टमध्ये शनिवार-रविवार पुण्यात आला होता. शनिवारी संध्याकाळी मल्टिप्लेक्सला तीन तासांचा मारधाडपट बघितलात, दोघांनाही आवडला नाही. रात्री गच्चीवर दुर्बीण लावलीत, वर ढग. रविवारी पहाटे उठून पक्षी बघायला मुळा-मुठेच्या काठी कवडीला गेलात, तिथे गढूळ पाणी आणि चार बगळे. दुपारी मराठी सिनेमा, थिएटरात मोजून दहाबारा माणसं, सिनेमाही यथातथाच. रात्री लॅपटॉपवर तिसरा सिनेमा शोधता शोधता मित्र झोपला. आता तो डिसेंबरात परत येतोय आणि तुम्हाला चांगले सिनेमे आणि चांगल्या जागा हव्या आहेत.

जागा सांगते. पण तुमचं वेळापत्रक वाचल्यावर मला आधी वेगळंच दिसलं. दुर्बीण आणि कवडी हा सगळा थंडीतला कार्यक्रम, तो तुम्ही भर पावसाळ्यात लावलात. आणि दोन दिवसांत जे जे केलंत त्यात गप्प बसावं लागतं: सिनेमात गप्प, पक्ष्यांपुढे गप्प, दुर्बिणीपाशी तुम्ही वाकलेले आणि तो मागे हाताची घडी घालून उभा. इतक्या लांबून आलेल्या माणसाशी बोललात कधी?

आकाशापासून सुरुवात करते, कारण माझा जीव त्यात आहे. पुण्यात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत आकाशदर्शनाचा बेत आखायचाच नाही. एखादी रात्र उघडते, पण ती तुमच्या पाहुण्याचा शनिवार बघून उघडत नाही. दसऱ्यानंतर हवा कोरडी व्हायला लागते आणि डिसेंबर-जानेवारीत आकाश सगळ्यात भरलेलं असतं. संध्याकाळी देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेची शेजारीण, अँड्रोमेडा) डोक्यावर, पाठोपाठ कृत्तिका, रोहिणी, मृग, आणि रात्र चढली की व्याध.

डिसेंबरची तारीख तुमच्या हातात असेल तर १४ तारखेच्या जवळचा शनिवार-रविवार धरा. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतला उल्कावर्षाव शिगेला पोचतो. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागे टाकलेल्या धुळीतून होतात, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाशी जोडलेला आहे. उल्का पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांच्या बाजूने आल्यासारख्या वाटतात आणि तुलनेने सावकाश जातात, म्हणजे 'अरे तो बघ' म्हणेपर्यंत दुसऱ्यालाही दिसते. कागदावर ताशी शंभराच्या वर आकडा सांगतात, पण तो अगदी काळ्या आकाशासाठी आणि मिथुन डोक्यावर असतानाचा. तुम्हाला त्याच्या निम्म्यानेही कमी दिसतील, आणि तेवढ्यात रात्र मजेत जाते. आठ-नऊपासून सुरुवात होते, खरा जोर मध्यरात्रीनंतर.

याला दुर्बीण लागत नाही. लावूच नका, कारण उल्का आकाशात कुठेही दिसते आणि दुर्बिणीत आकाशाचा टिकलीएवढा तुकडा येतो. दोन चटया, दोन जाड रजया आणि थर्मासभर चहा न्या, उताणे पडा आणि बोलत राहा. अंधारात तीन तास शेजारी शेजारी पडून बोलता येतं असा माझ्या माहितीतला हा एकमेव छंद आहे, म्हणून मी त्याची एवढी वकिली करतेय. मोबाइल मात्र खिशात. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज ती सगळी मेहनत घालवतो. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा.

गच्चीवरून भागणार नाही. सिंहगडाच्या पायथ्यालाही आता शहराचा उजेड पोचतो. वेल्ह्याच्या बाजूला किंवा भोरच्या पुढे जा. शेत कुणाचं तरी असतं, तेव्हा आधी विचारून ठेवा. आडवाटेला रात्री गाडी लावून पडलेली दोन माणसं बघून गावात शंका येणं स्वाभाविक आहे. थंडीची काळजी नागपूरकराची करू नका, स्वतःची करा.

तारीख ठरवण्याआधी कालनिर्णयात तिथी बघा. अमावास्येच्या आगेमागे असाल तर उल्का. पौर्णिमेकडे झुकलेला चंद्र असेल तर उल्का विसरा, कारण चांदण्यात अंधुक उल्का बुडतात. शुक्ल अष्टमीच्या आसपास असाल तर गच्चीवरच दुर्बीण लावा आणि फक्त चंद्र दाखवा. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरची विवरं लांब सावल्यांमुळे अशी उठून दिसतात, की पहिल्यांदा बघणारा हमखास काहीतरी ओरडतो. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत सपाट दिसतो, हे लोकांना खरं वाटत नाही.

नवख्या माणसाला दुर्बिणीतून निराश करणं फार सोपं असतं. खोक्यावर रंगीत तेजोमेघाचं, म्हणजे अवकाशातल्या वायू आणि धुळीच्या ढगाचं चित्र असतं. मृगातला तेजोमेघ प्रत्यक्षात करडा, फार तर किंचित हिरवट धुरकट डाग दिसतो, कारण इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळतच नाहीत. हे आधी सांगितलंत तर तोच डाग बघायला मजा येते. नाही सांगितलंत तर 'हं, छान' असं उत्तर येतं, आणि त्या 'छान'चा अर्थ आपल्याला कळतो. त्यापेक्षा दोन्ही डोळ्यांनी बघायची १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री मित्राच्या हातात द्या. आधी नुसत्या डोळ्यांनी कृत्तिका मोजायला लावा, बहुतेकांना सहा दिसतात, कुणाला सात. मग द्विनेत्रीतून तोच पुंजका. देवयानी दीर्घिकाही त्यातून त्याची त्यालाच शोधू द्या, ती पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर आहे हे सापडल्यावर सांगा, आधी नको. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना हेच शिकवत आली आहे. त्यांचा कार्यक्रम त्या आठवड्यात असेल तर सरळ त्यात जा, तुमची धावपळ वाचेल.

कवडीचं दुखणंही मोसमाचंच. तिथली मजा मुळा-मुठेच्या पात्रातले खडक आणि उथळ पाणी यांत आहे. ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलेलं असतं, खडक बुडालेले असतात आणि पाहुणे पक्षी आलेलेच नसतात. चक्रवाक लडाख-तिबेटाकडून येतात ते थंडीत. डिसेंबरात तुम्हाला चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, धोबी, नदी सुरय, चित्रबलाक यांतले बरेचसे एकाच सकाळी दिसतील. उजाडताना पोचा, नऊपर्यंत परत फिरा. पाण्याला वास येतो आणि फेस असतो, हे मित्राला घरी सांगून ठेवा. पेंच-ताडोब्याच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला तुम्ही सांडपाण्याच्या काठी नेताय, थोडी मनाची तयारी हवी त्याची.

भिगवणचं रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचं आमिष डिसेंबरात दाखवू नका. रोहितांना चोचीने गाळता येईल असं उथळ पाणी आणि चिखल लागतो. तिथलं उजनी धरण काठोकाठ भरलेलं असलं तर तो चिखल पाण्याखाली असतो आणि पक्षी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत रेंगाळतात. शंभरेक किलोमीटर जाऊन नावेत बसून लांबवर गुलाबी रेघ बघायची आणि परत यायचं, त्यात अख्खा दिवस जातो. एकट्याने जायचं असेल तर जरूर जा, मीही जाते.

आणि पुढेमागे तो पावसाळ्यातच आला तर? तेव्हा नदी सोडून द्या आणि शहराबाहेर विहिरीवर वाकलेली एखादी बाभूळ शोधा. सुगरणीचा नर अर्धवट घरटं विणून मादीला दाखवतो, तिला पटलं नाही तर ते तसंच सोडून दुसरं घेतो. अर्धा तास हे बघत बसा, बोलायलाही हरकत नाही, त्यांचं आपल्याकडे लक्ष नसतं. घर घेताना बायकोने नाकारलेल्या फ्लॅटांची आठवण ज्याला त्याला येते.

आता सिनेमा. तुम्ही लिहिलंय, 'त्याला अ‍ॅक्शन आवडत असेल म्हणून मी ते तिकीट काढलं', आणि नंतर कळलं की तो तुमच्यासाठी हो म्हणाला होता. 'तुला काय बघायचंय?' 'तुला चालेल ते.' या दोन वाक्यांतून जो सिनेमा निघतो तो दोघांनाही नको असतो. आपल्याकडे पाहुणा नको म्हणत नाही आणि यजमान विचारायचं थांबत नाही, त्यामुळे हे घडतच राहणार. माझ्याकडे पाहुणे येतात तेव्हा पद्धत सरळ आहे. एक सिनेमा निवडायचा असतो आणि तो पाहुण्याने निवडायचा. मी फक्त एक सिनेमा नाकारू शकते, कारण न सांगता. चर्चा बंद. पाहुण्याची निवड वाईट निघाली तर त्याला चिडवता येतं, ही वरकमाई.

दोन दिवसांत दोन सिनेमे आणि वर तिसऱ्याची शोधाशोध म्हणजे जाहिराती आणि मध्यंतर धरून सहा-सात तास अंधारात गेले. एक पुरे. तोही शनिवारी संध्याकाळचा नको, तेव्हा तिकीट सगळ्यात महाग, गर्दी सगळ्यात जास्त, आणि रात्रभराच्या प्रवासाने आलेला माणूस मध्यंतरानंतर पेंगतो. रविवारी सकाळचा खेळ घ्या. बाहेर पडाल तेव्हा जेवणाची वेळ असते आणि पुढे बोलायला अख्खी दुपार असते. तिकीट काढताना लांबी बघा, सगळीकडे लिहिलेली असते. अडीच तासांच्या वरचा असेल तर तुम्हा दोघांपैकी एकाला तो आधीपासूनच बघायचा असायला हवा.

पडेल सिनेमाला मी तितकी घाबरत नाही. बाहेर येऊन कुणी काय मूर्खपणा केला यावर मनसोक्त तोंडसुख घेतलं की पैसे वसूल होतात. तुमच्या बाबतीत शनिवारी सिनेमा सुटला आणि तुम्ही लगेच दुर्बीण जोडायला गच्चीवर पळालात. त्या सिनेमाला शिव्या घालायलाही वेळ मिळाला नाही.

मराठी सिनेमाबद्दल एक. दुपारच्या आडवेळेचा खेळ आणि रिकामं थिएटर यावरून सिनेमा कसा असेल याचा अंदाज बांधू नका. मराठीला बऱ्याचदा तेवढ्याच वेळा मिळतात, ही जुनी तक्रार आहे. तुमचा सिनेमा वाईट निघाला तो वेगळ्या कारणाने निघाला असेल.

पुण्यात सिनेमाची आवड असलेल्या माणसाला नेण्यासारखी जागा म्हणाल तर लॉ कॉलेज रस्ता. १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तिथे आहे, खेळ असतील तर आधी चौकशी करून जा. जवळच फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तीच प्रभातच्या स्टुडिओची जागा. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुराहून पुण्याला आली ती इथे. आत सोडतात की नाही हे दिवसावर असतं, फोन करून विचारा. नाहीच सोडलं तर त्याच बाजूने हनुमान टेकडीवर चढा. मित्र जानेवारीत सरकू शकत असेल तर पिफची, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची तारीख बघा. महोत्सवात एक सिनेमा फसला तरी फार वाईट वाटत नाही, दुसऱ्या पडद्यावर पुढचा असतोच.

आणखी एक अडचण किंवा संधी. डिसेंबरच्या मध्यावर सवाई गंधर्व महोत्सव असतो, १९५३ पासून चालत आलेला. मित्राला गाण्याचा कान असेल तर वरचं बरंचसं रद्द करा आणि भारतीय बैठकीची तिकिटं काढा. नसेल तर त्या दिवसांत महोत्सवाच्या बाजूला गाडी घालू नका.

माझ्या मते बेत असा बसेल. शुक्रवारी रात्री तो निघाला तर शनिवारी दुपारपर्यंत त्याला झोपू द्या, काहीही ठरवू नका. संध्याकाळी लवकर जेवून वेल्ह्याकडे, उल्का, पहाटे तीनला घरी. मग रविवारी पहाटे कवडी होणार नाही, हे आत्ताच मान्य करा. उशिरा नाश्ता, त्याने निवडलेला एक सिनेमा, आणि गाडीच्या वेळेपर्यंत मोकळं. सोमवारची रजा मिळत असेल तर कवडी सोमवारी, तेव्हा तिथे कॅमेरेवाल्यांची गर्दीही नसते.

तारीख ठरली की इथे लिहा, मी तिथी बघून सांगते. आणि दुर्बीण नेमकी कोणती आहे, तिचं शोधक (वर बसवलेली, नेम धरायची छोटी दुर्बीण) दुरून दिसणाऱ्या एखाद्या टॉवरवर दिवसा जुळवून ठेवलंय का, तेही लिहा. नसेल जुळवलेलं तर रात्री चंद्रसुद्धा सापडायला वीस मिनिटं जातील, आणि तेवढा वेळ मित्र पुन्हा मागे उभा राहील.