गळतीबद्दल तोंडी सांगूनही सुपरवायझर लक्ष देत नसेल, तर कामगाराने काय करावे?

पंपाच्या सीलपाशी रोज वास येतो, सुपरवायझर 'बघू' एवढेच म्हणतात आणि जास्त बोलल्यास पाळी बदलतील अशी भीती वाटते, असे आपण लिहिले आहे. रायगड जिल्ह्यातील एका रासायनिक कारखान्यात मी सुरक्षा समितीवर कामगारांचा प्रतिनिधी होतो. त्या अनुभवावरून सांगतो : तोंडी जरूर सांगा, पण तेवढ्यावर विसंबू नका.

आमच्याकडे एकाच व्हॉल्व्हची गळती तीन पाळ्यांतील तीन ऑपरेटरांनी आपापल्या सुपरवायझरला सांगितली होती आणि प्रत्येक सुपरवायझरच्या दृष्टीने ती पहिलीच तक्रार होती. लॉगबुकात वेळ, व्हॉल्व्हचा क्रमांक आणि वासाचे वर्णन लिहून पाळी देणाऱ्याने व घेणाऱ्याने खाली सह्या केल्या, तेव्हा त्याच संध्याकाळी मेंटेनन्सची माणसे आली.

'बघू' या शब्दाची मला धास्ती वाटते ती भोपाळच्या कारखान्यातील वायुगळतीमुळे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास तेथील कामगारांचे डोळे चुरचुरू लागले, त्यांनी गळती शोधून वरिष्ठांना कळवलीही. परंतु लहानसहान गळत्या तेथे अंगवळणी पडलेल्या असल्यामुळे चहानंतर पाहू, असे ठरले.

त्या दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांसाठी सुरक्षा समिती आली, जिच्यात कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान असावेत, असे ठरले. जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका वाटल्यास तो व्यवस्थापनाला थेट किंवा या प्रतिनिधींमार्फत कळवण्याचा, आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवण्याचा, हक्क कामगाराला मिळाला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिच्या कलम १४ मध्येही तो आहे. मालकाला धोका पटला नाही, तरी त्याला प्रकरण निरीक्षकाकडे पाठवावेच लागते आणि धोका आहे की नाही याबाबत निरीक्षकाचा निर्णय अंतिम असतो. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे.

म्हणून आजच लॉगबुकात नोंद करा, समितीवरील आपल्या प्रतिनिधीला लेखी द्या आणि पोच घ्या. एकट्याचे नाव पुढे येऊ नये म्हणून शक्यतो तिन्ही पाळ्यांच्या सह्या घ्या. त्या पंपाजवळ कंत्राटी कामगार असतील तर त्यांनाही विचारा, त्यांना समजणाऱ्या भाषेत विचारा. उद्याचे काम जाईल या भीतीने ते स्वतःहून बोलत नाहीत, आणि बहुतेकदा गळतीच्या सर्वांत जवळ तेच उभे असतात.