व्हेरिकोसीलची शस्त्रक्रिया झाली. हार्मोन कधी वाढणार?

प्रश्न : माझे वय 29 वर्षे आहे. मी खानापूर तालुक्यातील एका गावात राहतो आणि बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत भट्टीवर काम करतो. लग्नाला अडीच वर्षे झाली, अजून मूल नाही. डाव्या अंडकोषात जडपणा जाणवत असल्याने तपासणी केली, तेव्हा तिसऱ्या श्रेणीचा व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगण्याचा विकार, निघाला. शुक्रजंतूंची संख्या कमी होती आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन 268 आले. जूनच्या पहिल्या आठवड्यात मायक्रोस्कोपखाली शस्त्रक्रिया झाली. पाच आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले तर आकडा 274, म्हणजे काहीच फरक नाही. थकवा तसाच आहे, मन खचले आहे. व्यायामशाळेतील एक मित्र टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घे म्हणतो. घ्यावीत का? घरी भाताची रोप लागवड सुरू आहे, त्या कामाला हात लावला तर चालेल का? दोन्ही अहवालांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. — एक वाचक

उत्तर : सर्वांत आधी इंजेक्शनाविषयी सांगतो, कारण त्यात चूक झाली तर मोठे नुकसान होईल. तुम्हाला मूल हवे आहे, तेव्हा टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने कृपया घेऊ नका. बाहेरून हे हार्मोन मिळू लागले की मेंदूतील पीयूष ग्रंथी वृषणांना काम करण्याचा संदेश देणे थांबवते, आणि रक्तातील आकडा छान दिसत असतानाच शुक्रजंतू तयार होणे मंदावते, कित्येकदा पूर्ण बंद पडते. इंजेक्शने सोडल्यावर ते पूर्ववत व्हायला अनेक महिने लागू शकतात. मित्राने आपुलकीनेच सांगितले असेल, पण ज्यासाठी तुम्ही शस्त्रक्रिया करून घेतली, त्याच्याच मुळावर घाव घालणारा हा उपाय आहे.

आता त्या 274 विषयी. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या अहवालावर नमुना घेतल्याची वेळ छापलेली आहे : दुपारी 4 वाजून 10 मिनिटे. तुमच्या वयात टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते आणि दिवस चढेल तसे उतरते, म्हणून नमुना सकाळी 7 ते 10 च्या दरम्यान उपाशीपोटी द्यायचा असतो. तुमचा पहिला अहवाल सकाळी 9 चा आहे. त्याची तुलना दुपारच्या आकड्याशी करता येत नाही. त्यात तुम्ही रात्रपाळीच्या आठवड्यात असाल तर झोपेचे चक्र उलटे झालेले असते आणि त्याचाही परिणाम या हार्मोनवर होतो. हा आकडा मनातून काढून टाका. शस्त्रक्रिया फसली असे त्यावरून मुळीच ठरत नाही.

डाव्या वृषणाची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते आणि रक्ताला वर बरेच अंतर चढावे लागते, म्हणून व्हेरिकोसील बहुधा डावीकडेच होतो. वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते. फुगलेल्या शिरांत रक्त साचून राहिल्याने तो गारवा हरवतो आणि शुक्रजंतू तयार करणाऱ्या पेशींबरोबर हार्मोन तयार करणाऱ्या पेशीही मंदावतात. शिरा बांधल्या म्हणजे अडथळा दूर झाला, पण पेशी सावरायला वेळ लागतो. एक शुक्रजंतू घडायला सुमारे 74 दिवस लागतात, त्यामुळे आज तपासणी केली तर शस्त्रक्रियेआधी घडू लागलेलेच शुक्रजंतू दिसतील.

टेस्टोस्टेरॉन वाढेल का, याचे प्रामाणिक उत्तर असे की आधी ज्यांची पातळी 300 च्या खाली असते, त्यांच्यात वाढ होण्याची शक्यता अधिक असते, आणि अशा रुग्णांच्या अभ्यासांत सरासरी वाढ साधारण शंभराच्या आसपास दिसली आहे. ज्यांची पातळी मुळात चांगली असते त्यांना फारसा फरक पडत नाही. तुम्ही पहिल्या गटात आहात, म्हणून आशा धरायला जागा आहे. मात्र सरासरी म्हणजे हमी नव्हे. थकव्याचे सारे खापरही या एका हार्मोनवर फोडू नका. पाळ्यांची अर्धवट झोप, वाढलेले वजन, रक्तातील साखर, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन यांकडेही डॉक्टरांना पाहू द्या.

भट्टीचा मुद्दा मला इंजेक्शनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. शस्त्रक्रियेने आतली उष्णता कमी केली आणि आठ-आठ तास बाहेरून तीच मिळत राहिली, तर लाभ अर्धाच राहील. निदान काही महिने मोल्डिंग, पॅकिंग किंवा स्टोअर्सकडे काम मिळते का, हे सुपरवायझरशी बोलून पाहा. कारण सांगायला संकोच वाटत असेल तर शस्त्रक्रियेनंतर उष्णता टाळावी एवढीच चिठ्ठी डॉक्टरांकडून घ्या. तंबाखू किंवा विडीची सवय असेल तर तीही सोडा.

रोप लागवडीसाठी पाच आठवडे झाले असल्याने, जखम कोरडी असेल आणि तुमच्या सर्जनची हरकत नसेल, तर वाकून रोपे लावायला अडचण नाही. चिखलात पॉवर टिलर आवरणे आणि खताची पोती उचलणे मात्र यंदा भावावर किंवा गड्यावर सोपवा. काम करताना आधार देणारा लंगोट वापरा. ताप आला, जखमेतून पू आला किंवा सूज वाढू लागली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. काही महिन्यांनी न दुखणारी, पाणी भरल्यासारखी सूज आली तरी दाखवा, कारण क्वचित हायड्रोसील होतो.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. आपल्याकडे मूल होत नसले की सुनेला गावोगाव फिरवतात. तुम्ही स्वतः पुढे होऊन तपासणी केलीत, याचे मला मनापासून कौतुक वाटते. पण आता तुमचे अहवाल येईपर्यंत पत्नीच्या तपासण्या लांबवू नका, त्या याच काळात होऊ द्या.

वीर्यतपासणी गणपतीच्या सुमारास, म्हणजे तीन महिने पूर्ण झाल्यावर करा, आणि दुसरी सुगीच्या वेळी, सहाव्या महिन्यात. टेस्टोस्टेरॉनसाठी दिवसपाळीचा आठवडा निवडा, आधीच्या चार-पाच रात्री नीट झोपा, आणि वेगवेगळ्या दोन सकाळी त्याच प्रयोगशाळेत नमुना द्या. सोबत एलएच आणि एफएसएच, म्हणजे पीयूष ग्रंथी वृषणांना ज्यांतून संदेश देते त्या हार्मोनांची तपासणी, करून घ्या. तेव्हाही पातळी कमी आली, तर वृषणांना स्वतःचे हार्मोन तयार करायला लावणारी औषधे आहेत, आणि ती मूल हवे असतानाही देता येतात. ती यूरोलॉजिस्टच्याच देखरेखीखाली घ्या.