कुणाचं पाप, म्हणून?

प्रश्न : सलाम मावशी. मी साताऱ्याची, वय 41. चौदा महिन्यांपूर्वी यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. पाणी हवं असलं तर ‘चावी’ म्हणतात आणि मला कळलं नाही की चिडतात. चर्चमधल्या उपासनेनंतर मंडळीतले एक वडील, म्हणजे एल्डर, म्हणाले, “घरात कबूल न केलेलं पाप असेल, शोधा.” तेव्हापासून मी देवळात गेले नाही. शेजारच्या माळकरी काकू रोज तासभर यांच्यापाशी बसतात, म्हणून माझी अंघोळ तरी होते. या दुःखात देवाचा काही हेतू असेल का?

उत्तर : सलाम. आधी त्या वडिलांचं बघू, कारण पत्र वाचल्यापासून मला त्यांचाच राग येतोय. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी हेच विचारलं होतं : पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूनं दोन्ही नाकारलं आणि चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावला. वडिलांना तो अध्याय वाचायला सांगा. नाही सांगितलात तरी चालेल, तुमच्यामागं कामं पुष्कळ आहेत.

हेतूचं म्हणाल, तर मी मिरजेत 31 वर्षं नर्स होते. आमचे हे असेच पडले, सहा वर्षं. मला वाटायचं, यातलं सगळं मला येतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, चादरीला चुणी नको. येत नव्हतं ते एकच : कुणाचं काही घ्यायला. महिला मंडळाच्या बायका आल्या की “झोपलेत” म्हणून दारातूनच परत लावायची.

एका दुपारी गल्लीतली एक बाई न विचारताच आत आली. तिचा नवरा असाच अंथरुणाला खिळून गेलेला. “तुम्ही खांदा धरा, मी कंबर धरते,” म्हणाली. कूस बदलली, चहा प्यायला, गेली. प्रार्थनासुद्धा केली नाही! करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच पौल लिहितो, की देवाकडून आपल्याला मिळालेलं सांत्वन संकटातल्या दुसऱ्यांना देता यावं. शाळेपासून पाठ होतं मला ते. कळलं त्या दिवशी, चादरीचं टोक हातात असताना. मात्र माझ्या सोयीसाठी देवानं तिचा नवरा आजारी पाडला, असं कुणी म्हणू लागलं तर मी उठून जाईन.

तुमच्यावर आत्ता कुणाला सांत्वन द्यायची जबाबदारी नाही. आत्ता घ्या. पाळकबाईंना ‘प्रार्थना करा’ असा निरोप धाडू नका; ‘बुधवारी तीन ते पाच कुणीतरी बसायला हवं’ असा धाडा. आणि काकू माळकरी आहेत म्हणून संकोच नको. तुमच्याच साताऱ्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ हा येशूभक्तांचा मेळा काढला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती.

एक राहिलं. वाचा गेलेल्या काहींना बोलता येत नाही, पण गाता येतं. आमच्या ह्यांना माझं नाव आठवायचं नाही. उपासनेतल्या गीताची ओळ मी सुरू केली की पुढचे शब्द मात्र यायचे. सगळ्यांना जमतं असं नाही, स्पीच थेरपिस्टना विचारा. तोवर लहानपणापासून पाठ असलेलं एखादं गीत रोज त्यांच्यासमोर म्हणून बघा. तुमचा आवाज बसला असेल तर काकूंना अभंग म्हणू द्या.