मुलगी लेस्टरला, मत कुठे?

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला एमएससी करते. 'मतदार म्हणून नाव नोंदवा, नाहीतर ८० पौंड दंड' असं तिथल्या सिटी कौन्सिलचं, म्हणजे महापालिकेचं, पत्र आलंय. पासपोर्ट भारतीय असताना हे कसं? फसवणूक तर नाही ना? – एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : अशी पत्रं कौन्सिल खरोखर पाठवते. कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्या, १८ वर्षं पूर्ण झालेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथे मताचा हक्क आहे, आणि भारत राष्ट्रकुलात आहे. नाव नोंदवल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही. नोंदणी सरकारी संकेतस्थळावर, फुकट होते. कोणी पैसे किंवा बँकेचा तपशील मागितला तर मात्र ती फसवणूकच समजा.

अर्जात नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी-करासाठीचा तिथला सरकारी क्रमांक) विचारतात. तो मिळालेला नसेल तर तसं लिहावं, अर्ज अडवून ठेवू नये. कौन्सिल ओळखीचे दुसरे कागद मागते. मुदत मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी संपते. सुट्ट्या धरत नाहीत, म्हणून घोळ होतो : ४ मे २०२३ च्या मतदानासाठी ती १७ एप्रिललाच संपली होती.

मतदानाला फोटोचं ओळखपत्र लागतंच. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेलाही, फोटोवरून माणूस ओळखू आला म्हणजे झालं. विद्यापीठाचं कार्ड चालत नाही, मोबाइलवरचा ई-व्हिसाही नाही. मुलं नेमकी तीच घेऊन जातात आणि परत पाठवली जातात. पासपोर्ट खोलीवर राहिला तर तो घेऊन पुन्हा जाता येतं. केंद्र सकाळी ७ ते रात्री १० उघडं असतं.

प्रश्न : तिथेही आपल्यासारखा 'अ', 'ब' जागांचा प्रभाग असतो का? – एक वाचक, सातारा

उत्तर : लेस्टरच्या प्रभागातून दोन किंवा तीन नगरसेवक निवडतात, पण जागांना अ-ब नाही आणि यंत्रही नाही. सगळ्या उमेदवारांची एकच कागदी मतपत्रिका. नगरसेवक तीन निवडायचे असतील तर पेन्सिलीने जास्तीत जास्त तीन फुल्या. कमी चालतात, चौथी मारली की अख्खी मतपत्रिका बाद. आपल्याकडे दर जागेला एक बटण दाबायची सवय, म्हणून ही चूक सहज होते. कागदावर सही किंवा नाव तर अजिबात लिहू नये. मत कोणाचं ते ओळखू आलं की तेही बाद. 'नोटा' नाही.

साताऱ्यात नगराध्यक्ष थेट निवडतात तसा लेस्टरचा महापौरही २०११ पासून थेट निवडला जातो. त्याची मतपत्रिका वेगळी. २०२३ मध्ये तिच्यावर फुली एकच होती.