मेजर कोणता, मायनर कोणता

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज काल रात्री वाचला. बी.एस्सी.ला केमिस्ट्री मेजर (मुख्य विषय) आणि झूलॉजी मायनर (जोडविषय), की उलट, हे चार दिवसांत ठरवायचंय, आणि वर्गात सगळ्या जणी कुठल्या विषयाला मार्क सढळ मिळतात एवढंच विचारताहेत. फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा लिहितेच.

दोन्ही विषय सारखेच आवडत असतील तर केमिस्ट्री मेजर ठेव. झूलॉजीतलं राहून गेलेलं बरंचसं पुढे वाचून भरून काढता येतं. केमिस्ट्रीचं तसं नाही. एक पायरी कच्ची राहिली की पुढच्या तीन अडतात, आणि प्रयोगशाळेतला हात घरी बसून तयार होत नाही. शिवाय एम.एस्सी. केमिस्ट्रीला बहुतेक ठिकाणी पदवीला तोच मुख्य विषय लागतो. बायोकेमिस्ट्रीकडे मात्र केमिस्ट्रीवाल्यांनाही जाता येतं. गेट या प्रवेशपरीक्षेचा लाइफ सायन्सेसचा पेपर उघडून बघ. बायोकेमिस्ट्री, बॉटनी, मायक्रोबायोलॉजी, झूलॉजी, फूड टेक्नॉलॉजी यांतले कोणतेही दोन भाग निवडायचे, पण केमिस्ट्रीचा भाग सगळ्यांना सक्तीचा.

तुझा जीव खरोखर रानावनात, पक्ष्या-किड्यांत रमत असेल तर मात्र माझं ऐकू नकोस. झूलॉजीच मेजर घे.

आता फिजिकल केमिस्ट्रीबद्दल. 'गणित नको म्हणून तिथे फक्त पास होण्यापुरतं करीन आणि इलेक्टिव्ह ऑरगॅनिकचं घेईन' असं तू लिहिलंस. हे वाचून मी थांबले, कारण मी अगदी हेच केलं होतं. मग एम.एस्सी.ला एन्झाइमचा वेग शिकताना महिनाभर मला काही कळेना. तुला तो प्रयोग आठवतो ना, स्टार्चच्या द्रावणात लाळ घालायची, परीक्षानळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायची आणि दर मिनिटाला त्यातला थेंब टाइलवरच्या आयोडीनमध्ये सोडायचा? आधी गर्द निळा, मग जांभळट, तपकिरी, आणि शेवटी आयोडीनचा पिवळा रंग तसाच राहतो. जर्नलमध्ये आपण 'स्टार्चचे पचन झाले' लिहून मोकळे होतो. पण वेगवेगळ्या तीव्रतेचा स्टार्च घेतला तर वेग आधी भराभर वाढतो आणि पुढे वाढायचाच थांबतो. असं का होतं? कारण लाळेतल्या एन्झाइमचे सगळे रेणू कामात गुंतलेले असतात. मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये समीकरणात मांडलं ते हेच. ते समजायला लागतं कायनेटिक्स, म्हणजे रासायनिक क्रियांच्या वेगाचा अभ्यास, फिजिकलमधला तू टाळायला निघालीस तोच भाग. बफर, पेशीतली ऊर्जा, हिमोग्लोबिनला ऑक्सिजन कसा चिकटतो, सगळ्याच्या मुळाशी फिजिकल आहे. गणित अडलं तर माझ्याकडे ये, पण तो भाग सोडू नकोस.

बायोकेमिस्ट कमला सोहोनींची पदवी आठव. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी., मुख्य विषय केमिस्ट्री, जोडीला फिजिक्स. जीवशास्त्र त्यात नव्हतंच. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली ती वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावरच्या कामाला, आणि पुढे मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं.

मायनरमध्ये फिजिऑलॉजी आणि जेनेटिक्स असेल ते निवड. स्टॅटिस्टिक्सचा लहानसा पेपर कुठे बसत असेल तर तोही घे. ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या शाखेबाहेरचं लागतं, तिथे मनाला येईल ते कर.

फॉर्म भरण्याआधी टी.वाय.पर्यंतचा सिलॅबस काढून घे आणि कुठल्या पेपरला प्रॅक्टिकल आहे त्यावर पेन्सिलने खूण कर. रविवारी सकाळी घेऊन ये, दोघी मिळून बघू.

तुझी,
मावशी