पकड सुटते, दोष कोणाचा?

प्रश्न : आमच्या गावच्या कबड्डी संघाच्या पकडी सारख्या सुटतात. सगळे डाव्या कोपरारक्षकालाच बोल लावतात. खरा दोष कोणाचा?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : कोपऱ्यावर खापर फोडण्याआधी त्याच्या शेजारी कोण उभा असतो ते बघा. कोपऱ्याने घोटा धरला की चढाईपटू मध्यरेषेकडे अंग झोकून देतो. त्याच क्षणी कव्हरने, म्हणजे या शेजारच्या बचावपटूने, छातीने आडवं यायला हवं. तो पाऊलभर जरी उशिरा आला, तरी चढाईपटूचा हात रेषेला लागतो आणि बाद होतो तो कोपरा. कव्हरची चूक प्रेक्षकांना दिसतच नाही, म्हणून हा अन्याय होतो.

कोपऱ्याची स्वतःची चूक बहुधा वेळेची असते. समोर सहा किंवा सात गडी असताना चढाईपटू बोनस गुणासाठी एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकतो, दुसरा उचलतो. सगळा भार टेकलेल्या पायावर येतो. तोच घोटा धरायचा. आधी झेप घेतली तर हाती काहीच लागत नाही.

मात्र मोठी जबाबदारी प्रशिक्षकाची, असं आमचं स्पष्ट मत आहे. दर सामन्याला कोपरा-कव्हरची जोडी बदलली तर साखळी जमणार कशी? एकच जोडी ठेवा आणि रोज तिच्यावर ३० सेकंदांच्या २० चढाया करवून घ्या. स्पर्धा मॅटवर असेल तर तांबड्या मातीवरचा सराव पुरत नाही. बूट घातलेला चढाईपटू मॅटवर झटकन वळतो, त्यामुळे कव्हरला आणखी लवकर निघावं लागतं.