आपल्याच माणसाची लबाडी माहीत असेल तर बोलावं की गप्प बसावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांच्या तेलाच्या दुकानात तुम्ही बिलं करता. लाकडी घाण्याचं शेंगतेल म्हणून जे विकलं जातं त्यात पामतेल असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. वडील गेल्यावर मामांनीच तुम्हाला वाढवलं, शिकवलं. बोललात तर कृतघ्न, गप्प बसलात तर त्यांच्यात सामील. अशा पेचात माणसानं काय करावं?

'कृतघ्न' हा शब्द मी माझ्याच घरात ऐकलेला आहे, म्हणून लिहितेय. उत्तर लांबेल.

मामा चांगले की वाईट, हा हिशेब आधी बाजूला ठेवा. बिल कोणाच्या हातानं लिहिलं जातं? तुमच्या. तुमचा पेच तिथून सुरू होतो. लोक मामांपासून सुरुवात करतात आणि मग वर्षानुवर्षं मामांच्या स्वभावाचीच चर्चा करत बसतात.

आमचं गुऱ्हाळ कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. लग्न होऊन आले तेव्हा सासरे, म्हणजे आबा, स्वतः काहिलीपाशी, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी, उभे राहायचे. भेंडीचं पाणी घालून मळी काढायची, पाक आला का ते थेंब पाण्यात टाकून बघायचं, हे खरं गुळव्याचं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराचं, काम. पण त्याच्याही आधी आबा सांगायचे, "उतरा आता." मी बी. कॉम. झालेली, म्हणून हिशेब माझ्याकडे आला. कॉलेजातला जमाखर्च वेगळा आणि गुऱ्हाळाची वही वेगळी. उसाचं वजन, आधणं (रसाच्या उकळ्या) किती झाली, रवे (गुळाच्या ढेपा) किती भरले, गुळव्याची आणि चुलीत जाळ घालणाऱ्या जळव्याची मजुरी, अडत, हमाली, तोलाई, ही वही मला आबांनी शिकवली. "जे घडलं तेच लिवायचं, पोरी," एवढंच त्यांचं सांगणं. माझी आई वारली तेव्हा भर हंगामात त्यांनी वही स्वतःकडे घेतली आणि मला माहेरी राहू दिलं. त्यामुळं उपकाराचं ओझं काय असतं हे मला तुमच्याइतकंच कळतं.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 55 फूट ओलांडली. धोक्याची पातळी 43 फूट. आमचा नदीकडचा सगळा ऊस पाण्यात उभा होता. पुरातून निघालेल्या उसाचे डोळे फुटतात, त्यातली साखर मोडते, रसात ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतं, आणि पाक कितीही राखला तरी गूळ बसत नाही. वाफ्यात ओतला की नुसता चिकट लगदा. त्या हंगामात थोरल्या दिरांनी पहिल्यांदा काहिलीत साखर टाकली. त्या वर्षाबद्दल मी त्यांना आजही नावं ठेवत नाही. सोसायटीचं कर्ज होतं, मजूर आलेले होते, आणि तो गूळ अडतीला साखरेचा म्हणून सांगूनच घातला, मिळेल त्या भावाला.

पुढच्या वर्षी ऊस चांगला आला. साखर मात्र थांबली नाही.

का थांबेल? शंभर किलो उसाला दहा-बारा किलो गूळ. त्यासाठी तोड, वाहतूक, चिपाड वाळवणं, रात्रीची जागरणं. साखरेचा किमान विक्री दर तेव्हा किलोला 31 रुपये होता. पोतं फोडून काहिलीत ओतलं की हे सगळे कष्ट वाचतात आणि रव्याचं वजन तेवढंच भरतं. शिवाय गुजरातच्या व्यापाऱ्याला पिवळाधमक, कणीदार गूळ हवा. साखरेनं कणी येते, हायड्रॉस नावाच्या रसायनाच्या पावडरीनं रंग येतो. नुसत्या रसाचा गूळ तांबूस-काळपट निघतो, तो सौद्यात मागं पडतो. भावजी काही राक्षस नाहीत. त्यांच्या डोक्यात गणित साधं होतं आणि मला ते कळत होतं.

मग बॉक्स आले. किलोच्या भेल्या, चकचकीत खोकी, वर छापलेलं: अस्सल कोल्हापुरी गूळ, 100 टक्के शुद्ध, साखर व रसायनविरहित. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते नाव काही 2014 साली तयार झालेलं नाही. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली तिथपासून पिढ्यान्‌पिढ्या काहिलीपाशी भाजून निघालेल्या माणसांनी ते कमावलंय. आजही दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे निघतात तेव्हा आमच्याकडचे म्हातारे धुतलेले कपडे घालून जातात. आणि आम्ही ते नाव खोक्यावर छापून आत साखर भरणार.

साखरेची 50 किलोची पोती मला 'किरकोळ खर्च' म्हणून लिहायला सांगितली होती. मी ती 'साखर' म्हणूनच लिहीत राहिले. वाद मात्र वहीवरून पेटला नाही, काउंटरवर पेटला.

रस्त्याकडेला आमचं किरकोळ विक्रीचं छोटं दुकान होतं, तिथं मी बसायचे. शहरातल्या एक निवृत्त शिक्षिका नेहमी यायच्या. त्यांनी बॉक्स हातात घेतला आणि विचारलं, "नातवाला दमा आहे हो. पावडरचा नाही ना हा?" हायड्रॉस वापरलं की गुळात सल्फर डायऑक्साइडचा अंश राहतो आणि दम्याच्या काही पेशंटना त्यानं धाप लागू शकते, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "हा नको तुम्हाला." आणि घरच्या खाण्याला वेगळा काढलेला काळपट गूळ कागदात बांधून दिला. (याच दुकानात निम्मं गिऱ्हाईक मधुमेहाला गूळ चालतो म्हणून यायचं. ते खूळ डोक्यातून काढा. कितीही शुद्ध असला तरी गुळानं रक्तातली साखर वाढतेच. हे मी विकायला बसून सांगायचे, त्यावरूनही बोलणी खाल्लीत.)

भावजी मागं उभे होते.

रात्री सोप्यात सगळे बसले. "गिऱ्हाईक परतवायला बसवलंय व्हय तुला?" तिथून सुरू झालं. "अख्ख्या पट्ट्यात कोण टाकत न्हाई ते दाखव. सगळी टाकत्यात. आमीच हरिश्चंद्र का?" थोरल्या जाऊबाई, अक्का, म्हणाल्या, "मी तुला धाकट्या भनीगत वागवतो, आणि तू घरचं रस्त्यावर मांडतीस? कृतघ्न हाईस." माझे मालक, म्हणजे नवरा, म्हणाले, हंगाम संपू दे, मग बोलू. मी आबांकडे बघत होते. ज्या माणसानं हयातीत चिमूटभर साखर काहिलीत टाकली नाही, तो आता तरी बोलेल असं मला वाटत होतं. आबा म्हणाले, "कर्ज हाय. चालू दे."

तुमच्या प्रश्नात हे दुखणं मला ओळखू आलं. ज्याचे उपकार आहेत तोच चुकीच्या बाजूला बसलेला दिसतो तेव्हा वाटतं की आपलंच काहीतरी चुकत असेल.

मी त्या रात्री झोपले नाही. ठरवलं ते असं. साखर हे काही विष नव्हे. खोक्यावरचा छाप खोटा होता आणि पावडरीचा त्रास तिसऱ्याच्या लेकराला होणार होता. म्हणून पावडर बंद करा, आणि साखर टाकायचीच असेल तर तसं खोक्यावर छापा, एवढंच मागायचं. सकाळी भावजींना, दोघंच असताना, म्हटलं, "साखरमिश्रित असं छापा. मी रात्र-रात्र बसून बॉक्स भरते." ते हसले. "तसं छापल्यावर घेणार कोण?"

मला त्यानंतर दुसऱ्या पुराव्याची गरज राहिली नाही. खरं सांगितल्यावर घेणारा पळतो हे विकणाऱ्याला माहीत आहे, म्हणजे घेणाऱ्याला आपण फसवतोय हेही त्याला माहीत आहे. तुमच्या मामांनाही हाच प्रश्न विचारा. बाटलीवर 'पामतेल मिसळलेलं' असं लिहू का? त्यांचं उत्तर नीट ऐका.

मी वही बंद केली. शेवटच्या पानावर साखरेची पोती साखर म्हणून, हायड्रॉस हायड्रॉस म्हणून मांडलं, शिल्लक जुळवली आणि गल्ल्याची किल्ली वहीवर ठेवली. कुणाला शिव्या दिल्या नाहीत. पुढं काही दिवसांनी आमच्या अडत्यांचा फोन आला: बिलावरचं अक्षर बदललं, वहिनी, तुम्ही आजारी आहात का? मी म्हटलं, आजारी नाही, त्या मालाची बिलं मी लिहीत नाही. का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आपण होऊन कुणाला फोन केला नव्हता, पण समोरच्यानं सरळ विचारल्यावर खोटं बोलायचं नाही हे त्या रात्रीच ठरलं होतं.

त्यांनी त्या लॉटचा भाव पाडला. घरात काय झालं असेल ते तुम्ही समजू शकता. वर्ष सरायच्या आत चूल वेगळी झाली, मग वाटणी. गुऱ्हाळ थोरल्यांकडे गेलं. आमच्या वाट्याला जिरायत रान आणि थोडा ऊस आला. आम्ही दुसऱ्याचं गुऱ्हाळ भाड्यानं घेऊन थोडी आधणं काढतो, भेंडीशिवाय काही घालत नाही, काळपट गूळ निघतो, ओळखीच्या घरांत जातो. पोट मुख्यतः दुधावर चालतं. खऱ्याला बरकत येते वगैरे मी तुम्हाला सांगणार नाही. पहिली दोन वर्षं फार ओढाताणीची गेली.

आणि तरीही अक्का गावभर सांगतात की धाकटीनं घर मोडलं. याचं उत्तर मला इथं द्यायचंच आहे. घर त्या दिवशी मोडलं ज्या दिवशी घरातल्या एका माणसाला खोटं लिहिण्याच्या कामाला लावलं आणि त्याला प्रेम म्हटलं. मी सोन्याचा तुकडा मागितला नव्हता, वाटणी मागितली नव्हती, खोक्यावरची एक ओळ बदला म्हटलं होतं. ती ओळ बदलण्यापेक्षा भाऊ वेगळा झालेला ज्यांना परवडला, त्यांनी ठरवावं घर कोणी मोडलं. कृतघ्नपणाचंही तेच. आबांनी मला जे शिकवलं त्याचाच मी उपयोग केला. ते त्या रात्री कर्जाला घाबरले, पण म्हणून त्यांनी दिलेली शिकवण रद्द होत नाही. ते आजही थोरल्या घरी जेवतात. माझ्याशी बोलतात, गुळाचा विषय निघाला की उठून जातात.

अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार का केली नाही, असं तुम्ही विचाराल. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात खोट्या लेबलला 3 लाखांपर्यंत दंड आहे, हे मी भावजींना तोंडावर सांगितलं होतं. पण छापा पडला तर पहिल्यांदा गुळव्या आणि जळव्याची हंगामाची मजुरी बुडणार होती, आणि ती दोघं माझ्याइतकीच बांधलेली होती. दुकानातलं गिऱ्हाईक मी सावध करत होते, अडत्याला कळलेलं होतं. मला ते पुरेसं वाटलं. माझे मालक म्हणतात तक्रार करायला हवी होती. यावर आमचं अजून एकमत नाही.

तुमच्याबाबतीत मात्र एक गोष्ट आधी नक्की करा: डब्यात पामतेलच आहे ना? पामतेल खाऊन कुणी मरत नाही, पण तेलाची भेसळ नेहमी इतकी निरुपद्रवी नसते. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल मिसळलं गेलं आणि 60 हून अधिक माणसं दगावली. काय मिसळलं जातंय ते तुम्हाला ठाऊक नसेल, किंवा मामा सांगत नसतील, तर मी वर सांगितलेलं सबुरीचं सगळं सोडा आणि त्याच दिवशी तक्रार करा. तिथं मामा-भाचे काही नाही.

दुसरं, तुमच्या घरात कमावणारे तुम्ही एकटेच असाल तर आधी दुसरी नोकरी बघा. माझ्यामागं रान होतं, गोठा होता. तुमच्याकडे पगाराशिवाय काही नसेल तर माझ्यासारखी किल्ली ठेवून उठू नका. बिलं करणाऱ्या मुलाला शाहूपुरीत, लक्ष्मीपुरीत काम मिळतं, दोन-चार ठिकाणी सांगून ठेवा.

मग मामांशी बोला. मामी, मामेभाऊ कुणी समोर नको, दुकान बंद झाल्यावर दोघंच. उपकारांची यादी ते काढतील, ती मान्य करा, एकही उपकार नाकारू नका. फक्त बिलावर 'शेंगतेल' मी लिहिणार नाही, एवढं सांगा. ते बदलायला तयार झाले तर राहा आणि मन लावून काम करा. मामा चार महिने मागतील तर द्यायला हरकत नाही, पण त्या चार महिन्यांची बिलं त्यांनी स्वतः लिहावीत. नाही म्हणाले तर बिलबुक, कॉम्प्युटरचा पासवर्ड, किल्ल्या त्यांच्या हातात द्या, आणि कुठल्या तारखेपर्यंतची बिलं तुमची आहेत ते एका कागदावर लिहून त्यांची सही घ्या.